माथेरान: पुण्याहून दोन दिवस, आई-बाबांसह

प्रश्न (कोथरूडकर): महाबळेश्वरची गर्दी नको. सत्तरीतले आई-बाबा सोबत आहेत. माथेरान झेपेल का?

घाटवाट: झेपेल, पण शनिवार-रविवार टाळून मंगळवार-बुधवार जा. गावात गाड्यांना बंदी आहे, ही खरी शांतता! कर्जतला थांबणारी रेल्वेगाडी घ्या, तिथून लोकलने नेरळ, पुढे शेअर टॅक्सीने दस्तुरी नाका (गाड्या इथवरच येतात). तिथून बाजारपेठ सुमारे अडीच किलोमीटर. आई-बाबांना चालवू नका. नाक्याजवळच्या अमन लॉज स्टेशनहून बाजारापर्यंत छोट्या रेल्वेची शटल मिळते. पावसाळ्यात नेरळहून येणारी छोटी रेल्वे बंद असते, शटल मात्र सहसा चालू असते. खोली बाजाराजवळच घ्या. इथेच बरेच जण चुकतात: स्वस्त म्हणून लांबची खोली घेतात आणि प्रत्येक फेरीला घोडा करावा लागतो.

सह्यवेडी: घोड्याचा दर बसण्याआधीच ठरवा. लाल माती ओली झाली की घसरते, म्हणून खाचांच्या तळव्याचे बूट हवेत. खाऊची पिशवी हातात दिसली की माकडं ओढतात, सॅकमध्ये ठेवा. संध्याकाळी शार्लोट तलाव, सकाळी लुईझा पॉइंट. पॅनोरमा पॉइंट फार लांब, आई-बाबांसाठी सोडाच.

कोथरूडकर: आभार! शटलच्या वेळा आधी बघून ठेवतो.