फोनवर समोरच्याचा आवाज बारीक येतो तेव्हा काय केलेत? आपापले अनुभव लिहा

शिवाजी पेठ (धागा सुरू करताना)
पावसाचा जोर वाढला की पंचगंगेकाठच्या गावांतून कोल्हापूर शहरात आणि शहरातून गावांत फोन सुरू होतात, आणि प्रत्येक फोनमध्ये राजाराम बंधाऱ्यावरच्या पाण्याची पातळी विचारली जातेच. काल प्रयाग चिखलीहून मावशीचा फोन आला. मी आकडा सांगत होतो आणि ती पुन्हा पुन्हा विचारत होती, "एकोणचाळीस का त्रेचाळीस, नीट सांग की रं, काय ऐकायलाच येईना." या दोन आकड्यांतले अंतर इथल्या माणसाला समजावून सांगायला नको. ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये याच घरात अशाच बारीक आवाजामुळे निरोप अर्धवट पोहोचला होता आणि जनावरे कधी हलवायची यावरून रात्रभर घोळ चालला होता, ते सगळे काल डोळ्यांपुढे आले.

फोन ठेवल्यावर मावसभावाला दुसऱ्या फोनवर घेतले आणि एकेक गोष्ट तपासायला लावली. बोलणे चालू असतानाच बाजूचे बटण दाबून आवाज वाढवायचा, कारण संभाषणाचा आवाज आणि गाण्यांचा आवाज फोनमध्ये वेगवेगळा ठेवलेला असतो. तो आधीच पूर्ण होता. ब्लूटूथ बंद केले, तरी फरक नाही. मग मी व्हॉट्सॲपवर एक ध्वनिसंदेश पाठवला आणि तो फोन कानाला लावून ऐकायला सांगितला. कानाला लावल्यावर असा संदेश लाउडस्पीकरऐवजी कानाच्या स्पीकरमधून वाजतो आणि त्या वेळी नेटवर्कचा काही संबंध उरत नाही. तोही बारीकच आला, म्हणजे दोष फोनमध्येच होता. पाहिले तर नव्या स्क्रीनगार्डची कड वरच्या फटीवर चढली होती आणि राहिलेल्या अर्ध्या फटीत पीठ आणि धूळ घट्ट बसली होती. गार्ड काढला, कोरड्या मऊ ब्रशने फट झाडली आणि मावशीला आवाज स्वच्छ येऊ लागला.

दोष फोनमध्ये, मधल्या वाटेत, समोरच्याच्या फोनमध्ये की आपल्या कानात, हे आधी ठरवावे आणि मगच दुकान गाठावे, असे माझे ठाम मत आहे. पुराच्या दिवसांत घरातल्या वडीलधाऱ्यांचा फोन नीट ऐकू येणे ही चैनीची गोष्ट नाही. तुम्ही कशावरून ठरवलेत, ते सविस्तर लिहा.

शिरोली औद्योगिक वसाहत
आमच्याकडे पीठ नव्हे, लोखंड. मी फाउंड्रीत फेटलिंग विभागात आहे. कास्टिंग घासताना उडणारा बारीक कीस सगळीकडे जातो आणि कानाच्या स्पीकरच्या आत चुंबक असल्यामुळे तो जाळीवर येऊन बसतो आणि ब्रशने हलत नाही. उलट ब्रश जोरात फिरवला की जाळीच्या आत सरकतो. आमच्यातल्या अनेकांचे फोन याच कारणाने मंद झाले. भिंतीवर कागद चिकटवायला मिळणारी मऊ चिकट पुट्टी जाळीवर हलकेच दाबून उचलली की कीस तिला लागून वर येतो, पण ती दाबून आत घुसवायची नाही. आता विभागात जाताना फोन झिपच्या प्लास्टिक पिशवीत ठेवतो आणि बोलायचे असेल तर शेडच्या बाहेर येऊन काढतो. नव्या पोरांना पहिल्याच आठवड्यात हे सांगितले पाहिजे, कारण त्यांचे फोन हप्त्यावर घेतलेले असतात.

उत्तरेश्वर पेठ
शिवाजी पेठकर, मावशींचे वाचून फार वाईट वाटले. आमच्या सासूबाई तर आवाज बारीक येतो म्हणून हल्ली फोन घेतच नाहीत, "तूच बोल जा" म्हणून माझ्या हातात देतात. कुकर लावून आत्ता लगेच तो ध्वनिसंदेशाचा प्रयोग करून पाहते आणि लिहिते.

राजारामपुरी, मोबाईल दुरुस्ती
आमच्या टेबलावर "आवाज कमी" म्हणून येणाऱ्या फोनांपैकी बऱ्याच फोनांना नवा सुटा भाग लागतच नाही, नुसती जाळी साफ करून गिऱ्हाईक हसत जाते. कानाच्या स्पीकरला आम्ही रिसीव्हर म्हणतो आणि खालच्या मोठ्या स्पीकरला रिंगर. हे दोन वेगळे भाग आहेत, त्यामुळे गाणे मोठ्याने वाजते म्हणून रिसीव्हर चांगला आहे असे समजू नका. मात्र ज्या फोनांत दोन स्पीकरांचा स्टिरिओ आवाज असतो त्यांपैकी पुष्कळ फोनांत रिसीव्हरच वरचा स्पीकर म्हणून काम करतो. अशा फोनवर गाणे लावून खालची छिद्रे बोटाने बंद करा आणि वरून किती आवाज येतो ते ऐका.

कंपनीची स्वतःची चाचणीही असते. बहुतेक सॅमसंग फोनांत डायल पॅडवर *#०*# दाबले की चाचण्यांची पाटी उघडते, तिच्यात रिसीव्हर नावाचे बटण असते आणि ते दाबून फोन कानाला लावला की एकसारखा सूर ऐकू येतो. शाओमीच्या फोनांत *#*#६४८४#*#* दाबून अशीच यादी मिळते. शाओमीच्या काही फोनांत सेटिंगमध्ये स्पीकर साफ करण्याची सोयही आहे. ती अर्धा मिनिट मोठा आवाज वाजवून आतली धूळ सैल करते. त्या वेळी फोन उपडा धरावा, म्हणजे सैल झालेली धूळ खाली पडते.

आता कळकळीची विनंती. टाचणी किंवा सुई जाळीत घालू नका, कारण जाळीच्या मागे लगेच पातळ पडदा असतो आणि तो फाटला की आवाज फरफरत येतो. तोंडाने फुंकर मारू नका, वाफ आत जाते. पंपाच्या हवेचा झोतही देऊ नका. पुरात किंवा पावसात भिजलेला फोन तांदळात पुरून ठेवू नका. ॲपलनेही आपल्या सूचनांत तांदूळ वापरू नये असे लिहिले आहे, कारण त्यातले बारीक कण फोनला इजा करू शकतात. फोन बंद करा, चार्जिंगचे तोंड खाली करून तळहातावर हलके आपटा आणि हवेशीर जागी कोरडा होऊ द्या. भिजलेला रिसीव्हर मंद वाजतो आणि पुष्कळदा वाळल्यावर आपोआप सुधारतो, म्हणून घाई करू नका.

एक गोष्ट आयफोनवाल्यांसाठी. आयफोन दहापासून बारापर्यंतच्या मॉडेलांत रिसीव्हरच्या पट्टीवरच चेहरा ओळखण्याच्या यंत्रणेचा एक भाग बसवलेला असतो. अख्खी पट्टी बदलली की चेहऱ्याने कुलूप उघडणे बंद पडते. म्हणून दुकानदार मूळ पट्टी ठेवून नुसता स्पीकर बदलणार आहे का, हे आधी विचारा. आयफोन बारा आणि बारा प्रोपैकी काही फोनांत रिसीव्हरमधून आवाजच न येण्याचा दोष असल्याचे ॲपलने २०२१ साली स्वतः जाहीर करून मोफत दुरुस्तीची योजना काढली होती. अशा योजना असतात, म्हणून पैसे देण्याआधी चौकशी करावी.

मूळ कसबा बावडा, सध्या पुणे
आईचा आवाज मला बारीक यायचा आणि मी माझ्या फोनवर खर्च करायला निघालो होतो. तेवढ्यात एका गोष्टीकडे लक्ष गेले. आईला फोन लावला की उचलण्याआधी जी कॉलर ट्यून वाजते, ती मला खणखणीत ऐकू येत होती. तीही त्याच रिसीव्हरमधून येते. म्हणजे माझा फोन ठीक होता आणि आईच्या फोनचा माइक दबलेला होता. दिवाळीला घरी गेलो तेव्हा पाहिले, तिच्या पाकिटासारख्या कव्हरचे खालचे भोक माइकच्या भोकासमोर येत नव्हते आणि वर शिवणीची चामडी आली होती. कव्हर बदलले आणि काम झाले. शिवाजी पेठकरांच्या यादीत ही चाचणी सर्वांत आधी घालावी असे मला वाटते, कारण तिला काहीही लागत नाही.

गंगावेस
वडील पैलवान होते. तालमीत वर्षानुवर्षे लढत धरून त्यांचे दोन्ही कान मोडलेले आहेत, आणि आमच्याकडे तो मान समजला जातो. कानाची पाळी घट्ट आणि जाड झाल्यामुळे फोन कानावर सपाट बसत नाही आणि वरच्या फटीतून येणारा आवाज कानाच्या भोकात न जाता बाजूला निसटतो. हे आम्हाला फार उशिरा लक्षात आले. त्यांचा हात धरून फोन थोडा खाली सरकवला, फट बरोबर भोकासमोर आणली आणि ते एकदम म्हणाले, "आता कसं, शेजारी बसून बोलल्यागत." पूर्वीच्या फोनला कानाच्या आकाराची खोलगट वाटी होती, ती आपोआप जागेवर बसायची. आजच्या सपाट काचेला तशी काहीच खूण नसते. आता त्यांना तारेचा इअरफोनही दिला आहे, पण तो ते तालमीत नेत नाहीत.

ताराबाई पार्क, श्रवणतज्ज्ञ
गंगावेसचा अनुभव वाचून राहवले नाही. मोडलेल्या कानात कधीकधी कानाची नळीही अरुंद होते आणि मळ साठतो, तेव्हा एकदा तपासणी करून घ्या.

इतरांसाठी सांगते. ज्येष्ठांच्या बाबतीत "आवाज बारीक येतो" आणि "आवाज येतो पण शब्द कळत नाहीत" या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि घरचे लोक त्या एकच समजतात. वयानुसार ऐकणे कमी होते तेव्हा आधी उंच पट्टीचे आवाज जातात. स, श, फ, थ यांसारखी व्यंजने त्याच पट्टीत असतात, स्वर मात्र खालच्या पट्टीत ऐकू येत राहतात. त्यामुळे माणसाला बोलणे चालू आहे हे कळते, पण शब्द सुटा होत नाही. त्यात जुन्या पद्धतीच्या टेलिफोन वाहिनीवर साधारण ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढाच आवाज जातो, म्हणजे जे कानाला आधीच कमी येते ते वाटेतही कापले जाते.

घरच्या घरी एवढे करा. फोन दुसऱ्या कानाला लावून पाहा. एका कानाला स्पष्ट आणि दुसऱ्याला बारीक येत असेल, तर फोनमध्ये दोष शोधत बसू नका, कानाच्या डॉक्टरांकडे जा. साध्या मळाने कान बंद झालेले रुग्ण मी नेहमी पाहते. अचानक एका कानाचे ऐकणे गेले असेल तर मात्र एक दिवसही थांबू नका, त्यावर लवकर उपचार झाले तरच उपयोग होतो. आणि वडीलधाऱ्यांशी बोलताना ओरडू नका. ओरडल्याने आवाज फाटतो आणि व्यंजने आणखी बुडतात, त्यापेक्षा सावकाश आणि थोड्या खालच्या पट्टीत बोला.

गगनबावडा रस्ता
डोंगराकडेला राहतो, पावसाळ्यात चार-चार दिवस ढग खाली. आमच्याकडे फोन टूजीवर उतरला की माणूस विहिरीतून बोलल्यासारखा वाटतो. फोनच्या सेटिंगमध्ये व्होल्टे (VoLTE), म्हणजे फोरजीवरून बोलण्याची सोय बंद होती. ती सुरू केल्यावर फोरजी असते तेव्हा आवाज भरीव येतो आणि नसते तेव्हा पुन्हा पूर्वीसारखा. ताईंनी वर हर्ट्‌झचे लिहिले आहे त्याचा अर्थ आता लागला.

ताराबाई पार्क, श्रवणतज्ज्ञ
अगदी बरोबर. फोरजीवरच्या रुंद पट्टीच्या आवाजात साधारण ५० ते ७००० हर्ट्‌झपर्यंतचा भाग येतो, म्हणून आवाज तेवढाच असला तरी शब्द सुटे होतात. मात्र दोन्ही बाजूंचे फोन आणि नेटवर्क तसे असले पाहिजेत.

कागल
आवाज वाढवणारी ॲप टाकावीत का? भाच्याने एक टाकून दिले आहे, पण फरक जाणवत नाही.

राजारामपुरी, मोबाईल दुरुस्ती
कागलकर, काढून टाका. अशी ॲप बहुतेक गाण्यांच्या आवाजावर काम करतात, संभाषणाचा आवाज त्यांच्या हातात नसतो, आणि नको त्या परवानग्या मागतात. ॲप काढल्यावर फोन एकदा बंद करून सुरू करा.

टेंबलाईवाडी, दूरध्वनी खात्यातून निवृत्त
केंद्रावर आम्हाला आकडे नेहमी सुटे सांगायला शिकवले जाई. एकोणचाळीस आणि त्रेचाळीस या दोन्ही शब्दांचा शेवट सारखाच ऐकू येतो, पण "तीन नऊ" आणि "चार तीन" यांत गफलत होत नाही. पुराच्या दिवसांत पातळी सांगताना सर्वांनी ही पद्धत धरावी आणि ऐकणाऱ्याने आकडा परत म्हणून दाखवावा, ही माझी सूचना आहे. रिसीव्हर दुरुस्त होईपर्यंतही हे करता येते.

उत्तरेश्वर पेठ
करून पाहिले. ध्वनिसंदेश सासूबाईंना कानाला लावून ऐकवला, तो बारीक आला. उजव्या कानाला बारीक, डाव्याला मात्र खणखणीत! म्हणजे आमचा फोन ठीक आहे. ताईंनी लिहिल्याप्रमाणे उद्या सीपीआर रुग्णालयाच्या (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) कान-नाक-घसा विभागात नेते. तोपर्यंत डाव्या कानाला लावायला सांगितले आहे आणि त्यांनी आत्ताच नणंदेशी बराच वेळ गप्पा मारल्या.

शिवाजी पेठ
उत्तरेश्वर पेठेच्या ताई, तपासणीत काय निघाले ते इथे अवश्य लिहा. निवृत्त काकांची सुट्या आकड्यांची सूचना मी चिखलीला कळवली आहे आणि आंबेवाडीच्या पाहुण्यांनाही कळवतो. ज्यांच्या घरी साधे बटणांचे फोन आहेत त्यांच्यासाठी एक विचारायचे राहिले. त्यात ध्वनिसंदेश नसतो, मग तिथे काय करावे?

राजारामपुरी, मोबाईल दुरुस्ती
कंपनीच्या ग्राहक सेवेचा क्रमांक लावा. तिकडची ध्वनिमुद्रित सूचना ठरावीक आवाजात असते. तीही बारीक आली तर रिसीव्हर तपासायचा, ती मोठी आली तर समोरच्याचा माइक. आणि बोलणे चालू असताना मधले गोल बटण वर किंवा उजवीकडे दाबले की बहुतेक साध्या फोनांचा आवाज वाढतो, हे पुष्कळांना माहीतच नसते.