मतदारांनी घरी पाठवलेल्या सदस्याने त्याच वर्षी पुन्हा मत मागावे का?

सनसेटकर (धागाकर्ता)

गॅब्रिएला लोपेझ २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या स्कूल बोर्डावर, म्हणजे सरकारी शाळांचा कारभार पाहणाऱ्या मंडळावर, निवडून आल्या, तेव्हा त्या प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या तरुण शिक्षिका होत्या. २०२१ च्या जानेवारीत त्या सात सदस्यांच्या या बोर्डाच्या अध्यक्ष झाल्या. १५ फेब्रुवारी २०२२ रोजी मतदारांनी रिकॉलद्वारे, म्हणजे मुदत संपण्याआधीच मतदान घेऊन, त्यांना ॲलिसन कॉलिन्स आणि फाउउगा मोलिगा या दोघांसह पदावरून दूर केले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये लोपेझ त्याच बोर्डासाठी पुन्हा उभ्या राहिल्या आणि हरल्या. त्यांचा उभे राहण्याचा कायदेशीर हक्क मला मान्य आहे. तरीही जवळपास ७२ टक्के मतदारांनी "पुरे" म्हटल्यानंतर नऊ महिन्यांत पुन्हा दारात येणाऱ्याने आधी त्या "पुरे"चे कारण समजले असल्याचे दाखवायला हवे, आणि ते मला कुठे दिसले नाही.

इथे नसलेल्या वाचकांसाठी पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. करोनाकाळात शहरातल्या सरकारी शाळा बंद होत्या आणि मुले पडद्यासमोर बसून होती. २०२१ च्या जानेवारीत बोर्डाने ४४ शाळांची नावे बदलण्याचा ठराव ६ विरुद्ध १ मतांनी संमत केला. यादीत वॉशिंग्टन होते, लिंकन होते, आणि अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धातले पॉल रेव्हिअरही होते. रेव्हिअर यांनी ज्या पेनॉब्स्कॉट मोहिमेत भाग घेतला ती ब्रिटिशांविरुद्धची होती, परंतु यादी तयार करणाऱ्या समितीने तिचा संबंध पेनॉब्स्कॉट आदिवासींच्या भूमीशी जोडला. इतिहासाच्या एका शिक्षकाला विचारले असते तरी ही चूक टळली असती. एप्रिलमध्ये ठराव मागे घ्यावा लागला. दरम्यान फेब्रुवारीत, शाळा उघडाव्यात म्हणून खुद्द शहराने आपल्याच शालेय जिल्ह्यावर, म्हणजे या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेवर, दावा लावला होता. अध्यक्षपदावर लोपेझ होत्या.

जुनी शिक्षिका

आपल्या मांडणीतला क्रम बरोबर आहे, पण भार चुकीच्या खांद्यावर टाकला आहे असे मला वाटते. नावे बदलण्यासाठीची समिती नेमण्याचा निर्णय २०१८ मधला, म्हणजे लोपेझ बोर्डावर येण्याआधीचा होता. शाळा उघडण्याचा प्रश्न तर एकट्या बोर्डाच्या हातात कधीच नव्हता; शिक्षक संघटनेशी करार, आरोग्य खात्याचे निकष आणि जुन्या इमारतींमधली हवा खेळती ठेवण्याची व्यवस्था, हे सगळे जुळल्याशिवाय वर्ग भरणे शक्य नव्हते. मी स्वतः पस्तीस वर्षे वर्गात उभी राहिले आहे, आणि ज्या खिडक्या उघडत नाहीत अशा खोलीत बत्तीस मुलांना बसवण्याची जबाबदारी मी तेव्हा घेतली नसती.

शिवाय या सदस्यांना महिन्याला ५०० डॉलर मानधन मिळते. सुमारे ५० हजार मुलांचा आणि अब्ज डॉलरपलीकडच्या अंदाजपत्रकाचा कारभार त्यांनी नोकरी सांभाळून, रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या बैठकांत करायचा. अशा पदावर कोण येते? ज्याला राजकारणाची पुढची पायरी चढायची आहे तो, किंवा ज्याची एखाद्या प्रश्नावर खरी निष्ठा आहे तो. लोपेझ दुसऱ्या प्रकारच्या होत्या असे मी मानते. त्यांना पाडणाऱ्या मोहिमेला आर्थर रॉक यांच्यासारख्या धनाढ्य गुंतवणूकदाराने मोठी देणगी दिली, हेही तुमच्या सुरुवातीच्या मांडणीत यायला हवे होते. पैशाच्या जोरावर हटवलेल्या शिक्षिकेने पुन्हा मतदारांपुढे जाणे यात मला निर्लज्जपणा दिसत नाही. तिला दाद मागायला दुसरी जागाच नव्हती.

ताळेबंद

जुनी शिक्षिका यांच्याबद्दल आदर बाळगून सांगतो की देणगीने मते विकत मिळत असती, तर तिन्ही सदस्यांविरुद्ध सारखीच मते पडली असती. कॉलिन्स यांच्याविरुद्ध सुमारे ७६ टक्के, लोपेझ यांच्याविरुद्ध सुमारे ७२ टक्के आणि मोलिगा यांच्याविरुद्ध सुमारे ६९ टक्के मते पडली, याचा अर्थ मतदारांनी तिघांना वेगवेगळे तोलले. कॉलिन्स यांची २०१६ मधली आशियाई समाजाविषयीची ट्विट्स उघड झाली, बोर्डाने त्यांचे उपाध्यक्षपद काढून घेतले, आणि त्यांनी शालेय जिल्ह्यावर व सहकाऱ्यांवर ८ कोटी ७० लाख डॉलरचा दावा ठोकला. न्यायालयाने तो पुढे फेटाळला. २०२१ मध्येच शालेय जिल्ह्यापुढे सुमारे १२.५ कोटी डॉलरची तूट उभी होती आणि राज्य सरकारला आपले तज्ज्ञ धाडावे लागले. घरात पीठ नसताना उंबऱ्याची नक्षी बदलायला काढावी, तसा तो कारभार होता.

माझा मुद्दा उमेदवारीचा नाही, हिशेबाचा आहे. पुन्हा निवडून येऊ पाहणाऱ्या अध्यक्षाने तुटीबद्दल काय सांगितले? रिकॉलच्या निकालानंतर लोपेझ यांनी समाजमाध्यमावर, वांशिक न्यायासाठी लढल्याचीच ही शिक्षा आहे, असा सूर लावला. शहरातल्या चिनी पालकांनी, ज्यांतले कित्येक आयुष्यात प्रथमच मतदानाला उतरले, तो सूर कसा ऐकला असेल?

व्हिसावरची आई

मी याच शहरात राहते, मुलगी सरकारी शाळेत जाते, आणि मी भारतीय नागरिक असूनही त्या फेब्रुवारीत मतदान केले. अनेकांना हे खरे वाटत नाही, म्हणून सांगते: २०१६ मध्ये शहरातल्या मतदारांनी मंजूर केलेल्या प्रस्ताव 'एन'मुळे इथल्या परदेशी नागरिक पालकांना फक्त स्कूल बोर्डाच्या निवडणुकीत मत देता येते. २०२२ च्या जुलैमध्ये एका न्यायाधीशाने ही तरतूद रद्द ठरवली, तर पुढच्या वर्षी वरच्या न्यायालयाने ती पुन्हा वैध ठरवली. रिकॉलची मोहीम सुरू करणाऱ्या दोघांपैकी शिवा राज हेही भारतातून आलेले पालक.

मी लोपेझ यांना हटवण्याच्या बाजूने मत दिले आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही. पण सनसेटकर, तुमचा राग मला एकतर्फी वाटतो. शहरातल्या नामांकित लॉवेल हायस्कूलचे प्रवेश गुणांऐवजी लॉटरीने देण्याचा निर्णय झाला, तेव्हा आपल्या मराठी मंडळींच्या गटात जी भाषा वापरली गेली, ती वाचून मला अवघडल्यासारखे झाले. "आमच्या मुलांच्या मेहनतीचे काय" हा प्रश्न योग्यच होता. त्या शाळेत कृष्णवर्णीय मुले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी का असतात, हा प्रश्न मात्र आमच्यापैकी कोणी विचारला नाही. लोपेझ तो विचारत होत्या. त्यांनी निर्णय घाईने आणि सभेच्या नियमांकडे दुर्लक्ष करून घेतला, म्हणून न्यायालयात तो टिकला नाही. प्रश्न त्यामुळे खोटा ठरत नाही.

पेठेतला

पुण्यातून वाचतो आहे. आमच्याकडे महापालिकेचे शिक्षण मंडळ होते, तेव्हा त्याचे सदस्य नगरसेवकांच्या संख्याबळावर ठरत. पालकाला त्यांची नावेसुद्धा ठाऊक नसत. गणवेश आणि दप्तरांच्या खरेदीवरून वर्षानुवर्षे वाद झाले, शेवटी मंडळेच गेली आणि कारभार प्रशासनाकडे आला. शिक्षण हक्क कायद्याखालच्या शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, परंतु तिच्या बैठकीला किती जण जातात हे आपण सगळेच जाणतो. त्यामुळे तुमचा वाद मला थोडा श्रीमंतीचा वाटतो. ज्या सदस्याला पाडता येते, त्याच्या पुन्हा उभे राहण्याची एवढी भीती कशाला? मतदारांनी नोव्हेंबरमध्ये दुसऱ्यांदा नकार दिलाच की.

सनसेटकर

पेठेतले यांचा प्रश्न मार्मिक आहे, आणि त्याचे उत्तर मला त्याच नोव्हेंबरच्या निकालात दिसते. रिकॉलनंतर महापौर लंडन ब्रीड यांनी तीन रिकाम्या जागांवर अॅन शू, लेनी मोटामेडी आणि लिसा वाइसमन-वॉर्ड यांना नेमले. शू या रिकॉलच्या खंद्या समर्थक होत्या, म्हणजे माझ्याच बाजूच्या. प्रचारातल्या एका प्रश्नावलीत त्यांनी कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलांच्या शैक्षणिक अडचणींचा संबंध घरातून प्रोत्साहन न मिळण्याशी जोडला. टीका होताच त्यांनी माफी मागितली, बोर्डाने त्यांची एकमताने कानउघाडणीही केली, तरी मतदारांनी त्यांना बोर्डावर निवडून दिले नाही. मोटामेडी आणि वाइसमन-वॉर्ड निवडून आल्या, तिसरी जागा अलिडा फिशर यांनी घेतली. म्हणजे मतदार कोणत्याही गोटाचे नव्हते, आणि व्हिसावरच्या ताईंनी माझा राग एकतर्फी म्हटला, तो आरोप मी या एका नावापुरता स्वीकारतो, कारण शू यांना मी मत दिले होते आणि त्यांच्याविषयी असा धागा काढला नव्हता.

जुनी शिक्षिका यांचा मानधनाचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. मात्र समिती आधीची होती म्हणून जबाबदारी टळत नाही, कारण समितीची यादी जशीच्या तशी स्वीकारायची की इतिहासकारांकडे पाठवायची, हे ठरवण्याचा अधिकार जानेवारीत बसलेल्या बोर्डाकडे होता.

जुनी शिक्षिका

यादीबद्दल मी तुमच्याशी भांडणार नाही. ती वाचली तेव्हा मलाही लाज वाटली होती. परंतु २०२२ च्या जानेवारीत नवी पगारप्रणाली सुरू झाली आणि शहरातल्या कितीतरी शिक्षकांना महिनोन्‌महिने पूर्ण पगार मिळाला नाही, याचा उल्लेख या अख्ख्या धाग्यात कुणीही केलेला नाही, आणि रिकॉलच्या प्रचारात माझ्या दारी आलेल्या तरुणालाही त्याविषयी काही माहीत नव्हते.

ताळेबंद

हा मुद्दा माझ्याकडून राहिला, हे कबूल करतो. लोपेझ यांना मी प्रत्यक्ष विचारू शकलो असतो, तर तुटीच्या आधी हेच विचारले असते.