मदत हवी आहे : दोन सशांची गाठ घालून दिली आणि मिनिटाभरात रक्त निघालं

अनघा_ठाणे :

नमस्कार मंडळी. सशांवर इथे फारसं काही सापडलं नाही, म्हणून नवा धागा काढतेय.

आमच्याकडे अडीच वर्षांचा नर ससा आहे, भुरा. पिल्लू असल्यापासून एकटाच. आम्ही दोघं नोकरीवर, लेक शाळेत, त्यामुळे दुपारभर घरात त्याच्यासोबत कोणी नसतं. हल्ली तो पिंजऱ्याचे गज दातांनी ओढत बसायचा, ते बघवत नव्हतं. शेजारच्या इमारतीतलं एक कुटुंब बदली होऊन बंगळुरूला गेलं, त्यांची साधारण वर्षाची मादी आम्ही ठेवून घेतली. पांढरीशुभ्र आहे, लेकीने नाव ठेवलं कापशी.

काल संध्याकाळी तिला आणलं आणि हॉलमध्ये, भुऱ्याच्या पिंजऱ्यासमोरच सोडलं. भुरा शेपूट वर करून तिच्याभोवती दोन-तीन फेऱ्या फिरला आणि थेट तिच्या अंगावर चढला. कापशी गर्रकन वळली आणि पुढच्या क्षणी दोघांचा एकच गोळा झाला. केसांचे पुंजके उडत होते. मी मध्ये हात घातला, तर तळहाताला खोल चावा बसला. कापशीच्या कानाची कड फाटलीय, भुऱ्याच्या मांडीवर ओरखडा आहे. लेक रडत होती, तिला समजवायला मला शब्द सुचत नव्हते.

दोघांचंही नसबंदीचं ऑपरेशन झालेलं नाही. एका व्हेटनी मागे सांगितलं होतं की सशाला भूल देणं धोक्याचं असतं, म्हणून आम्ही तो विषय सोडून दिला. आता हे दोघे कधी एकत्र राहू शकतील का? की कापशीसाठी दुसरं घर शोधू? खरं सांगते, तिला परत कोणाकडे द्यायला मन होत नाहीये.

केतकी_नाशिक :

अनघाताई, आधी जखमांचं बघा, मैत्रीचं नंतर. सलाइनने जखमा हलक्या हाताने धुवा. आजूबाजूची लव बाजूला करून नीट बघा, कारण दाट केसांखाली दाताची बारीक भोकं लपतात आणि आठवड्याभराने तिथे गाठ होते. सशाचा पू घट्ट असतो, आपोआप वाहून जात नाही. त्यामुळे आज-उद्यात व्हेटला दाखवाच. घरातली माणसांची किंवा कुत्र्याची औषधं देऊ नका. अमॉक्सिसिलीन तोंडावाटे दिलं तर सशाच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि ससाही जाऊ शकतो. पिसवांसाठी कुत्र्यांना लावतात ते फिप्रोनिलही सशाला विषारी आहे. तुमच्या हाताचंही डॉक्टरांना दाखवा, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवा.

दोघं खातायत का, लेंड्या टाकतायत का, याकडे लक्ष ठेवा. भीतीने सशाचं पोट बंद पडतं. दहा-बारा तास काहीच खाल्लं नाही आणि लेंड्या थांबल्या, तर सकाळची वाट न बघता निघायचं.

आता एक महत्त्वाचं. भुरा अंगावर चढला तेव्हा शेवटी एका कुशीवर धपकन पडला होता का? सशांचा समागम काही सेकंदांत उरकतो. आणि मादीचं बीज समागमानंतरच सुटतं, त्यामुळे तिचे दिवस वगैरे मोजायची सोय नसते. झालं असेल तर साधारण ३१ दिवसांत पिल्लं.

रानवाटा :

आमच्या गावी सातारा बाजूला एका खुराड्यात आठ-दहा ससे असायचे. कोणी ऑपरेशन केलं नाही की ओळखी करून दिल्या नाहीत. एकत्र ठेवा, दोन दिवस भांडतील, मग गप्प होतील.

केतकी_नाशिक :

रानवाटादादा, खुराड्यातले ससे बहुतेक एकाच विणीचे, लहानपणापासून एकत्र असतात, आणि वयात यायच्या आत विकले जातात. इथे दोन वाढलेले ससे आहेत आणि जागा आधीच एकाची आहे. आपले पाळीव ससे ज्या युरोपातल्या रानटी सशापासून आले, तो बिळांत टोळीने राहतो हे खरं. पण ती टोळी परक्याला आत घेत नाही, आणि बिळासाठी माद्याही भांडतात. रानात हरलेल्याला पळून जायला जागा असते, पिंजऱ्यात नसते. कोंडून ठेवलेल्या दोन सशांपैकी एकाचं पोट फाडलेलं मी स्वतः पाहिलंय, म्हणून एवढं ठामपणे लिहितेय. अनघाताई, हे कृपा करून करू नका.

रानवाटा :

हे माहीत नव्हतं. लहानपणी पाहिलेलं तेवढंच सांगितलं. अनघाताई, माझा सल्ला बाजूला ठेवा.

अनघा_ठाणे :

दोघांना दाखवून आणलं. कापशीच्या कानाला टाका लागला नाही, दोघांनाही वेदनाशामक दिलंय, खातायत. केतकीताई, तो पडला होता की नाही हे मला खरंच आठवत नाही. माझं सगळं लक्ष रक्ताकडे होतं. व्हेट म्हणाले बारा-तेरा दिवसांनी पोट चाचपून सांगता येईल.

सध्या कापशी बेडरूममध्ये आहे, भुरा हॉलमध्ये. पुढे काय करू?

केतकी_नाशिक :

पुढचे दोन आठवडे काहीच करायचं नाही. नवीन जनावर घरात आलं की तेवढे दिवस वेगळंच ठेवावं. कानातली खरूज, अंगावरचा कोंडा, पातळ लेंड्या, जे काही असेल ते या काळात दिसतं.

मग ऑपरेशन, दोघांचंही. भूल धोक्याची असते हे सशांची सवय नसलेल्या हातांत खरं आहे, सवय असलेल्या हातांत तो धोका बराच कमी होतो. ठाण्याहून परळ जवळ आहे. बैलघोडा हॉस्पिटल आणि त्याच आवारातल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात फोन करून सशांची ऑपरेशनं नेहमी कोण करतं ते विचारा. तुमच्या भागातल्या खासगी व्हेटनाही हाच प्रश्न विचारा. सोबत आणखी एक प्रश्न : आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायचं का? जे हो म्हणतील त्यांच्याकडे जाऊ नका. सशाला उलटी करताच येत नाही, त्यामुळे उपास नको, उलट पोट रिकामं राहिलं की आतडी मंदावतात. आणि मादीचं ऑपरेशन फक्त भांडणासाठी नाही. ऑपरेशन न झालेल्या माद्यांमध्ये वय वाढेल तसा गर्भाशयाचा कॅन्सर फार आढळतो. माझी पहिली मादी पाच वर्षांची असताना त्यानेच गेली.

नराचं ऑपरेशन झालं तरी चार ते सहा आठवडे त्याच्यापासून पिल्लं होऊ शकतात. हे बऱ्याच जणांना कोणी सांगत नाही. तोवर जाळीआडूनच भेट.

मुक्ता_डोंबिवली :

+१. माझ्याकडे दुकानदाराने ‘दोन माद्या’ म्हणून दिलेल्यांतली एक नर निघाली, महिन्याभरात सहा पिल्लं. कापशी मादीच आहे ना, याचीही व्हेटकडून खात्री करून घ्या.

अनघा_ठाणे :

कापशी मादीच आहे, आणि १३व्या दिवशी व्हेटनी पोट चाचपून काही लागत नाही असं सांगितलं. मी सुटकेचा श्वास सोडला होता. पण आज १७वा दिवस आणि सकाळपासून ती छातीवरची लव उपटून काढतेय. तोंडात सुक्या गवताचा हा एवढा भारा धरून कोपऱ्यात नेऊन ठेवते. जवळ गेलं की गुरगुरते. व्हेट चुकले असतील का? मी ऑफिसातून लिहितेय, हात थरथरतायत.

केतकी_नाशिक :

घाबरू नका. हा खोटा गाभण असण्याचा प्रकार दिसतोय. समागम झाला पण गर्भ राहिला नाही, किंवा नुसतं कोणी अंगावर चढलं, तरी मादीच्या शरीराला वाटतं की आपण गाभण आहोत, आणि सोळा-अठरा दिवसांच्या सुमाराला ती घरटं करायला घेते. खऱ्या गाभणपणात लव उपटणं बहुतेक अगदी शेवटी, २८-३० दिवसांच्या आसपास. तुमचा दिवस आणि व्हेटची तपासणी दोन्ही खोट्याकडेच बोट दाखवतायत.

घरटं मोडू नका. गवत घाला, शांत राहू द्या, तिला उचलू नका. दोन-चार दिवसांत ओसरेल. हे पूर्ण ओसरल्यावरच तिच्या ऑपरेशनची तारीख घ्या, आणि व्हेटना हे आवर्जून सांगा. खबरदारी म्हणून ३३ दिवस होईपर्यंत रोज घरट्यात नजर टाका.

अनघा_ठाणे :

ओसरलं. चौथ्या दिवशी तिने स्वतःच ते घरटं तुडवून टाकलं. तुम्ही नसतात तर मी त्या रात्री काय केलं असतं कोण जाणे.

दोघांचीही ऑपरेशनं झाली. भुरा त्याच रात्री कोथिंबीर खायला लागला. कापशीला दीड दिवस सिरिंजने भरवावं लागलं. आता टाके वाळलेत. जाळ्या शेजारी-शेजारी लावू का?

केतकी_नाशिक :

लावा, पण दोन जाळ्यांच्या मध्ये चार बोटं अंतर सोडा. चिकटवून लावल्या तर नाक आणि ओठ चावले जातात. रोज दोघांच्या सतरंज्या आणि लिटर ट्रे एकमेकांकडे द्या. एक-दोन दिवसांनी जागाच बदला, भुरा कापशीच्या बाजूला, कापशी भुऱ्याच्या. आधी दोघंही जिकडेतिकडे लेंड्या टाकतील, हनुवटी घासतील. आपला वास लावून ठेवतायत, रागावू नका. पालेभाजी मात्र जाळीला लागून, समोरासमोर द्या. एकमेकांसमोर निवांत जेवणं फार मोठी गोष्ट आहे. भाजीवाल्याकडे लसूणघास मिळाली तरी वाढलेल्या सशांना रोज नको, कॅल्शियम जास्त असतं. टिमोथी (सशांसाठी मिळणारं सुकं गवत) महाग पडत असेल तर धुऊन वाळवलेली हराळी चालते, फवारणी नसलेल्या जागेची.

सहा आठवडे असेच जाऊ द्या. घाई वाटेल. माझी तिसरी जोडी जुळायला साडेतीन महिने लागले होते.

अनघा_ठाणे :

सहा आठवडे पूर्ण. दोघं जाळीच्या दोन बाजूंना अंग टेकून झोपतात. भुरा पाय पसरून, एका कुशीवर. आता समोरासमोर आणायचं म्हटलं तर माझ्याच पोटात गोळा येतो. आमचं घर वन बीएचके, दोघांना अनोळखी अशी जागाच नाही.

केतकी_नाशिक :

बाथरूम? दोघंही कधी गेले नसतील तर तेच उत्तम. फरशीवर पाय घसरले की ससा घाबरून चावतो, म्हणून जाड सतरंजी अंथरा, दोघांच्याही वासाची नको. गवताचे दोन ढीग ठेवा. खोका ठेवायचा तर दोन्ही बाजूंनी उघडा, एकाच तोंडाच्या खोक्यात एक जण कोंडला जातो. सकाळी लवकर करा. ठाण्याच्या दुपारच्या उकाड्यात तर नकोच, तीस अंशांच्या वर सशांना सोसत नाही.

पहिल्या दिवशी दहा मिनिटं. तुम्ही आत जमिनीवर बसा. पायात बूट, हातात जाड मोजे, शेजारी टॉवेल आणि केर भरायची सुपली. हात मध्ये घालायचा नाही, सुपली घालायची.

थोडं पाठीमागे धावणं, अंगावर चढणं, एखादा लव ओढण्याचा प्रकार चालतो. त्यात कोण वरचढ ते ठरतं. चढू द्या, दहा-पंधरा सेकंदांनी हळूच बाजूला करा. फक्त उलटं, म्हणजे डोक्याकडून चढला तर लगेच उतरवा, खालचा ससा नाजूक जागी चावतो. कान मागे चपटे, शेपूट ताठ वर, दोघं एकमेकांकडे रोखून गोल फिरतायत, असं दिसलं की तिथेच थांबवायचं. गोळा व्हायची वाट बघायची नाही. आणि शक्य तितकं, सगळं ठीक चाललेलं असतानाच भेट संपवा.

काही जण दोघांना टोपलीत घालून गाडीत फिरवायला सांगतील, घाबरून बिलगतात म्हणून. बिलगतात ते भीतीने. मी ते करत नाही.

अनघा_ठाणे :

आजचा अकरावा दिवस. वेळ आता चाळीस मिनिटांवर आलीय. पहिल्या दिवशी भुरा चारदा चढला, कापशीने एकदा त्याचे केस ओढले, सुपली दोनदा मध्ये घालावी लागली. पाचव्या दिवसापासून एकाच ढिगातलं गवत खातात.

एक अडचण. कापशी येऊन भुऱ्यासमोर डोकं जमिनीला टेकवते. थोड्या वेळाने भुराही तसंच करतो. दोघं डोकी खाली घालून नुसते बसून राहतात, आणि मग कापशी वैतागून त्याला टोचते. हे भांडणाकडे चाललंय का?

केतकी_नाशिक :

नाही हो. डोकं खाली घालणारा म्हणत असतो, मला चाट. दोघंही मागतायत, देत कोणीच नाही. पिकलेलं केळं बोटभर कुस्करून कापशीच्या कपाळावर, दोन कानांच्या मध्ये लावा. भुरा केळ्यासाठी चाटेल, तिला वाटेल आपल्यालाच चाटतोय. दुसऱ्या दिवशी भुऱ्याच्या कपाळावर. अगदी थोडं लावा, केळ्याने पोट बिघडतं.

अनघा_ठाणे :

चार दिवस केळं लावलं. आज लावायचं राहून गेलं, तरी भुऱ्याने तिचा तो फाटलेला कान चाटला, बराच वेळ. लेक दाराच्या फटीतून बघत होती. आता रात्री एकत्र ठेवू का?

केतकी_नाशिक :

वाचून डोळे भरून आले. पण रात्रीचं अजून नाही. आधी भेटी दोन-तीन तासांच्या होऊ द्या. मग सलग दोन दिवस सुट्टीचे काढा, दोघांना बाथरूममधून धुतलेल्या हॉलमध्ये आणा, पिंजऱ्याची जागा बदलून, सामानही हलवून. ते ४८ तास घरातलं कोणी ना कोणी त्यांच्याजवळ हवं, रात्री गादी तिथेच टाका. रागाचं काही दिसलं नाही तरच एकटं सोडायचं. आणि त्यानंतर वेगळं करू नका. एकाला व्हेटकडे न्यायचं असलं तरी दोघांना एकाच पेटीत न्या, नाहीतर परका वास घेऊन आलेल्याला दुसरा ओळखत नाही आणि पहिल्यापासून सगळं करावं लागतं.

अनघा_ठाणे :

शुक्रवार-शनिवारची रजा टाकलीय. गादी मी आणि लेक दोघी टाकणार आहोत. सोमवारी इथे लिहिते.