बीएस-६ आणि तापमानवाढ: गल्लत होतेय

"तापमानवाढ हे थोतांड, म्हणजे बीएस-६ हाही गाड्या खपवायचा डाव," असं तुम्ही म्हणता. पण बीएस-६ या गाड्यांच्या धुराच्या नियमात तापमान वाढवणाऱ्या कार्बन डायऑक्साइडला मर्यादाच नाही हो! २०२० च्या एप्रिलपासून डिझेल कारचे नायट्रोजन ऑक्साइड किलोमीटरमागे २५० मिलिग्रॅमवरून ८० वर आणले, इंधनातलं गंधक ५० पीपीएमवरून (दहा लाखांत ५० भाग) १० वर. हे सगळं आपल्या फुप्फुसांसाठी. कार्बन डायऑक्साइडसाठी 'कॅफे' हा निराळा नियम आहे, तोही कंपनीने विकलेल्या सगळ्या गाड्यांच्या सरासरीवर. तेव्हा हवामानाबद्दल खुशाल शंका घ्या, सिग्नलला नाकाला रुमाल लागतोच ना?

पीयूसी, म्हणजे गाडीची प्रदूषण तपासणी, नुसता देखावा आहे हा तुमचा राग मात्र रास्त. डिझेल गाडीचा तिथे नुसता धूर मोजतात. नायट्रोजन ऑक्साइड कुणी बघतच नाही.