तेलाच्या ड्रिलिंगचं खरं नुकसान गळतीच्या बातमीत दिसतच नाही

खारावारा:
तेल आणि पर्यावरण म्हटलं की सगळे २०१० च्या डीपवॉटर होरायझन या समुद्रातल्या तेल-रिगच्या स्फोटावर येतात. ११ कामगार गेले, मेक्सिकोच्या आखातात ८७ दिवस तेल वाहत होतं, भयंकरच होतं ते. पण मला जास्त धास्ती आहे ती रोजच्या नुकसानाची. तेलाबरोबर जमिनीतून खारं पाणी वर येतं, तेलविहीर जुनी होत जाते तसं तेल कमी आणि पाणीच जास्त, आणि त्यात बेंझिन हे कॅन्सर करणारं रसायन असतं, कधी किरणोत्सर्गी रेडियमसुद्धा. सांडलेलं तेल निदान जिवाणू हळूहळू खातात, मीठ कोण खाणार? हे पाणी सांडलं तिथे वर्षानुवर्षं काही उगवत नाही. म्हणून माझं म्हणणं, विहीर बुजवायचे आणि जमीन साफ करायचे पैसे कंपनीकडून आधी भरून घ्या, मगच खणायची परवानगी द्या.

रिगवाला:
नाही पटलं. ते पाणी बऱ्याच ठिकाणी परत खोल जमिनीत दाबतात, तेलाचा दाब टिकवायलाही त्याचा उपयोग होतो. आता एकाच जागेवरून तिरप्या-आडव्या कितीतरी विहिरी खणता येतात, म्हणजे तेवढं जंगल वाचतं. नॉर्वेनं १९९१ मध्येच समुद्रातल्या तेल उत्पादनावर कार्बन टॅक्स लावला, तरी त्यांचा धंदा चाललाच ना? नियम कडक ठेवा की. ट्रक, जहाजं, विमानं तर उद्या थांबणार नाहीयेत, एका देशानं खणणं बंद केलं तर तेच तेल जिथे नियम ढिले आहेत तिथून येणार, मग पर्यावरणाचा काय फायदा झाला?

दुर्वांकुर:
@रिगवाला पाणी खोल दाबलं की प्रश्न मिटला असं नाही हो. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात असंच सांडपाणी दाबून दाबून भूकंप वाढले, २०१६ मध्ये तिथल्या पॉनी गावाजवळ ५.८ चा धक्का बसला. आणि फ्लेअरिंगचं काय? तेलाबरोबर आलेला गॅस न्यायला पाइपलाइन नाही म्हणून सरळ जाळून टाकायचा, ज्वाला नीट जळली नाही की मिथेन तसाच हवेत, आणि तो २० वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींच्या आसपास उष्णता अडवतो.

रिगवाला:
फ्लेअरिंग चूकच आहे, त्याला बंदी घाला, मी सोबत आहे. पण नायजेरियासारखी उदाहरणं ड्रिलिंगच्या खात्यात टाकू नका प्लीज, तिथे पाइपलाइन फोडून तेलचोरी होते, बेकायदा रिफायनऱ्या चालतात, तो कारभाराचा प्रश्न आहे.

खारावारा:
चोरी होते, मान्य. पण नायजेरियातल्याच ओगोनीलँडमध्ये तेल काढणं १९९३ मध्ये थांबलं आणि २०११ च्या संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण अहवालात तिथल्या एका गावच्या पिण्याच्या पाण्यात बेंझिन मर्यादेच्या ९०० पटींहून जास्त सापडलं. जुन्या पाइपलाइनींची देखभाल कोणी करायची होती, चोरांनी? बरं श्रीमंत देशात तरी काय वेगळं, अमेरिकेनं २०२१ मध्ये बेवारस विहिरी बुजवायला ४७० कोटी डॉलर सरकारी तिजोरीतून मंजूर केले, कारण तेल काढून मालक गायब. न बुजवलेल्या विहिरीतून मिथेन निघत राहतो, सिमेंट-केसिंग (विहिरीच्या आतलं पाइपांचं अस्तर) खराब झालं की घाण भूजलात जाते.

रिगवाला:
पूर्ण पैसे आधी मागितलेत तर लहान कंपन्या उभ्याच राहणार नाहीत, फक्त बड्यांची मक्तेदारी होईल. दर बॅरलमागे थोडे कापून निधी साठवा.

खारावारा:
आणि विहीर चारच वर्षांत आटली तर? निधी अर्धवट, कंपनी दिवाळखोर, खड्डा गावाच्या गळ्यात. जिला विहीर बुजवणं परवडत नाही तिला ती खणणंही परवडत नाही.