उतार शिकवणाऱ्या बाई
माझ्यावर व्यायामोपचार करणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाईंच्या क्लिनिकमध्ये कडक शिस्त असे, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते आणि ते अगदी खरे आहे. मात्र त्यांचे खरे क्लिनिक सिंहगडाची पायवाट होते, असे मला वाटते. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर मी चढाची धास्ती घेतली होती, तेव्हा उतार अधिक कठीण असतो हे त्यांनी समजावले: उतरताना मांडीचे पुढचे स्नायू लांबत असतानाच शरीराचा भार पेलतात, म्हणून दुसऱ्या दिवशी पाय भरून येतात आणि म्हणूनच घरातल्या एका पायरीवरून सावकाश उतरण्याचा सराव आधी करावा लागतो. पुढे सिंहगडाच्या पायथ्याशी असलेल्या आतकरवाडीच्या वाटेने त्यांनी मला आखूड पावले टाकत उतरवले. स्वतः मात्र मध्येच एखाद्या पक्ष्यासाठी थांबत (तो थांबा माझ्या गुडघ्यासाठी असे, हे पुष्कळ उशिरा लक्षात आले).