बाबांसोबत जुन्या विमानावर शिकायचंय, कोणी केलंय का असं?

वर्तकनगरची_पोर
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा वेगळाय, हसू नका. माझे बाबा 62 वर्षांचे, सगळी नोकरी सांताक्रूझला विमानांच्या मेंटेनन्समध्ये गेली, इतकी विमानं ठाकठीक करून वर पाठवली पण स्वतः कधी एकही उडवलं नाही. दादा अमेरिकेत ओहायोला असतो, आम्ही जूनमध्ये दोन महिने त्याच्याकडे चाललोय, व्हिजिटर व्हिसावर. त्याच्या घरापासून अर्ध्या तासावर गवताची धावपट्टी आहे आणि तिथे एकजण 1946 सालच्या पायपर कबवर शिकवतो. पिवळंधम्मक विमान. दादाने फोटो पाठवला आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही, बाबा म्हणतात दोघं मिळून शिकू. मला आजवर फक्त अ‍ॅक्टिव्हा चालवता येते. आई म्हणते आधी दोघं मिळून बेडरूमचा पंखा नीट करा, तीन महिने झाले खडखड करतोय.
तर खरंच एकत्र शिकता येतं का, बाबांच्या वयाला झेपेल का, आणि तिकडचं लायसन्स इथे चालतं का?

नेरुळ_रिटर्न्स
मी तिकडे नोकरीला असताना कबवर शिकलोय म्हणून लिहितो. पहिली गोष्ट, त्यात सीटा दोनच, एकापाठी एक. एक तुझी, एक इन्स्ट्रक्टरची. म्हणजे तू वर असशील तेव्हा बाबा खाली बाकड्यावर, आणि बाबा वर तेव्हा तू बाकड्यावर. एकत्र शिकणं म्हणजे एवढंच, बाकी संध्याकाळी घरी बसून कोणी किती उड्या मारल्या ते एकमेकांना ऐकवणं (आणि उड्या मारशीलच, माझं पहिलं लँडिंग बेडकासारखं होतं). दोघांनीच वर जायचं तर एकाकडे लायसन्स पाहिजे, शिकाऊ माणसाला पॅसेंजर नेता येत नाही.
आता मजा. कबमध्ये एकटा माणूस मागच्या सीटवर बसतो, वजनाचा तोल नीट राहावा म्हणून, आणि कोणाला बरोबर घेतलं की तो पुढे. माझे बाबा आले तेव्हा मी त्यांना पुढे बसवून नेलं. मागे शेपटाला छोटं चाक, त्यामुळे जमिनीवर असताना नाक आभाळात, त्यात बाबांचं टक्कल बरोबर मध्ये, मला रनवे दिसतच नव्हता, जमिनीवरून नागमोडी चालवत एकदा डावीकडून एकदा उजवीकडून बघत गेलो. वर गेल्यावर उजवीकडचा दरवाजा उघडा ठेवता येतो, ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आत उडतं ते, खाली गायी मोजता येतात. बाबा पूर्ण वेळ गप्प होते. उतरल्यावर म्हणाले, पेट्रोलचा काटा म्हणजे टाकीच्या झाकणावर उभी तार होती रे? हो, खाली बुचाचा तरंगता गोळा, तार जेवढी वर तेवढं पेट्रोल. बॅटरी नाही, स्टार्टर नाही, पंखा हाताने फिरवून चालू करायचं. तुझ्या बाबांना तर मेजवानी आहे, बेडरूमचा पंखा विसरतील.
वजन मात्र आधी सांग इन्स्ट्रक्टरला. दोन माणसं आणि पेट्रोल सगळं धरून साधारण दोनशे किलो घेतं ते, तो स्वतः आडदांड असेल तर बाबांनी आत्तापासून भात कमी करावा.

कागदपत्र_काका
सगळे उडतायत म्हणून मी जरा जमिनीवरून बोलतो. व्हिजिटर व्हिसावर लायसन्ससाठीचं ट्रेनिंग करता येत नाही, आणि अमेरिकन नागरिक नसेल त्याला ट्रेनिंग सुरू करण्याआधी टीएसएची, म्हणजे तिकडच्या वाहतूक सुरक्षा खात्याची, परवानगी काढावी लागते. मात्र डिस्कव्हरी फ्लाइट म्हणून इन्स्ट्रक्टरसोबत एक फेरी, स्टिक, म्हणजे विमान वळवायचा दांडा, तुमच्या हातात, तिला हे काही लागत नाही. तुम्ही दोघं एकेक करा आणि फोटो काढा.
लायसन्स पाहिजे असेल तर इथे डीजीसीएचं, म्हणजे आपल्या विमान वाहतूक खात्याचं, काढा. पीपीएलला (खाजगी पायलटचं लायसन्स) 17 वर्षं पूर्ण, किमान 40 तास उड्डाण, क्लास टू मेडिकल, लेखी परीक्षा. वरची वयाची अट नाही, मेडिकल पास व्हायला हवं, म्हणून बाबांचं बीपी शुगर आधी बघा मग पैसे भरा. फक्त इथे शिकवायला कब मिळणार नाही, सेसना वगैरे, नाकाखाली चाकवाली.

घोडबंदरला_अडकलेला
62 व्या वर्षी कशाला हे उद्योग, चारधाम करा की

जुने_जुहूकर
घोडबंदर, तुम्ही ट्रॅफिकमध्येच बसा.
ताई, मी सत्तरच्या दशकात जुहूला पुष्पकवर शिकलो. आपल्या एचएएल या सरकारी विमान कारखान्याने बनवलेलं, 1958 ला पहिल्यांदा उडालं, कापड चढवलेलं, शेपटाला चाक, कबचं चुलतभावंडच म्हणा, फक्त सीटा शेजारी शेजारी. या विमानांची गोम हवेत नाही, जमिनीवर आहे. डी-मार्टची ट्रॉली उलट्या बाजूने जोरात ढकलून बघा, गर्रकन फिरून मागचं पुढे येतं. तसंच इथे, वजन मुख्य चाकांच्या मागे असतं, टेकल्यावर जरा वाकडं झालं आणि पाय वेळेवर नाही हलले की शेपूट पुढे जायला बघतं. म्हणून चाकं टेकली म्हणजे उतरलो असं नाही, पूर्ण थांबेपर्यंत रडरवर, म्हणजे शेपटाचं सुकाणू फिरवायच्या पेडलांवर, पाय नाचत राहिले पाहिजेत. अ‍ॅक्टिव्हावाल्यांना पायाने काहीच करायची सवय नसते, तुम्हाला जड जाईल. बाबांचं कोडं वेगळं, कबमध्ये चढायचं म्हणजे पंखाच्या तिरक्या दांडीखालून वाकून पाय दुमडत आत, त्यामुळे गुडघे कसे आहेत ते बीपीआधी विचारा.
आणि एक, तुम्ही त्यांना शिकवू नका, त्यांनी तुम्हाला शिकवू नये. माझ्या वडिलांनी मला फियाट शिकवली होती, आम्ही आठ दिवस बोलत नव्हतो.

वर्तकनगरची_पोर
थँक्यू सगळ्यांना!! काका, व्हिसाचं बाबांना सांगितलं, पाच मिनिटं तोंड पाडून बसले मग म्हणाले ठीक आहे, एकेक फेरी तर एकेक फेरी, पण पंखा मी फिरवणार. तो इन्स्ट्रक्टर फिरवू देईल का हे दादा विचारतोय. गुडघ्यांचं विचारलं तर थेट डायनिंग टेबलाखाली शिरून दाखवलं, बाहेर यायला मात्र माझा हात लागला. आत्ता हॉलमध्ये पाटावर बसलेत, हातात लाटणं, पायाखाली दोन विटा, आणि आई किचनमधून ओरडतेय की पोळ्या कशाने लाटू.